अंगावरचे डाग

वाफेच्या पडद्याआडून एक चांदीचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढे डोलतो आहे... न्हाणीतल्या दगडावर मी उकिडवी बसले आहे, चुलवणात ओल्या करवंदीच्या काटक्या धुमसत आहेत, त्यांचा कडवट धूर डोळ्यांत झोंबतो आहे, आणि माझ्या डोक्यावर तांब्याने ऊन पाणी ओतायला जी बाई वाकली आहे तिच्या चोळीच्या गळ्यातून निसटून तो तुकडा पुढे आला आहे. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, कडा झिजलेल्या. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई – दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे नाक, कपाळावर पदराची कड. पाणी ओतणारी होती माझी सावत्र आई, पारू. आणि तिच्या गळ्यातली ती चांदीची बाई म्हणजे मला जन्म देणारी आई, सरू.

आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती. पहिली बायको गेली आणि माणसाने दुसरं लग्न केलं, तर पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घडवून तो दुसरीच्या गळ्यात बांधायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. म्हणजे मग मागे राहिलेल्या सवतीवर तिचा राग राहत नाही. घरात जे डाग होते त्यांत हा सगळ्यांत हलका, आणि सगळ्यांत जड.

डाग. हा शब्द आता त्या अर्थाने कुणी वापरत नाही. माझ्या सुना दागिना म्हणतात; डाग म्हटलं की त्या कपड्याकडे बघतात. पण भाटघरच्या आमच्या वस्तीवर, माझ्या लहानपणी, सोन्याचांदीचं जे काही बाईच्या अंगावर असेल ते सारं डागच. "पोरीला डाग काय घातले?" हा लग्नातला पहिला प्रश्न. "अंगावर एक डाग न्हाई बिचारीच्या" हे कुणाच्या गरिबीचं वर्णन. पुढे धरणावरच्या वसाहतीतल्या शाळेत मी जाऊ लागले आणि चंद्रावर डाग आहेत असं मास्तरांनी सांगितलं, तेव्हा मला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. एवढा उजळ चंद्र, त्याच्या अंगावर चार डाग असायचेच. सगळा वर्ग का हसला ते मला कळलं नव्हतं.

आमचे डाग नाचणीच्या कणगीत असत. आत्या – आबांची थोरली बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, आमच्याच घरी राहून सगळा कारभार बघणारी – कोपरापर्यंत हात नाचणीत खुपसून तळातली पितळी डबी वर काढी. डबीतून एक पुतळ्यांची माळ निघे, एक नथ, दोन कुड्या, आणि चिंधीत बांधलेले चांदीचे तोडे. त्यांना नाचणीचा वास असे. कोरडा, मातकट, किंचित गोड... आजही कुठे नाचणी दळत असली तर माझ्या नाकाला आधी सोन्याची आठवण होते.

आई गेली त्या दिवशी हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. थंडीचे दिवस होते. आमचं घर तेव्हा खाली येळवंडीच्या काठाला होतं. नवं धरण बांधून होत आलं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी चढणार म्हणून निम्मी वस्ती वरच्या माळावर छपरं घालायला लागली होती. आईचं बाळ आडवं आलं. सकाळी घरात बायांची गर्दी झाली, दुपारी सगळं शांत झालं, बाळही रडलं नाही, आणि ओसरीवर खांबाला टेकून बसलेल्या मला आतून आत्याचा आवाज आला, "आधी अंगावरचे डाग उतरवा." मी दारातून डोकावले. आईच्या पायाची बोटं सुजली होती आणि जोडवी निघत नव्हती. आत्या तेल लावून ती हळूहळू फिरवत होती, जपून, जसं काही आईला दुखेल... तिच्या तोंडात मण्याएवढं सोनं ठेवलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि नदीकाठच्या आंब्याखाली तिला अग्नी दिला. पावसाळ्यात पाणी चढलं. आंबा गेला, काठ गेला, आमचं रिकामं घर गेलं. वरच्या माळावरून खाली बघितलं की नुसतं करड्या रंगाचं पाणी, आणि आई त्याच्या तळाशी आहे, असं मी माझ्या मनाशी धरून चालले. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष उलटल्यावर आबांनी मार्गासनीची पारू लग्न करून आणली. डोंगरापलीकडची, सावळी, उंचीला आत्याच्या खांद्याला लागेल एवढी. तिच्या अंगावर माहेरचं असं काही नव्हतं. आमच्या दारात आली ती माझ्या आईचे डाग लेऊन. नथ नाकाला मोठी होत होती. तोडे मनगटावरून खाली घसरत. आत्याने देवापुढे बसवून टाक तिच्या गळ्यात बांधला आणि मला पुढे ओढून म्हणाली, "ही तुझी आई." मग बोट टाकावर ठेवून, "आन हीबी तुझी आई. कळलं का, तानू?"

मला फार चांगलं कळलं. मोठ्या माणसांना वाटलं होतं त्याहून चांगलं. आई पाण्यातून निघून इथे आली आहे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

दुपारी आत्या शेतावर गेलेली असे. पारू उंबऱ्यात बसून माझ्या केसांची गुंतवळ सोडवी, आणि केस विंचरून झाले की मी तिच्या मांडीवर उलटी होऊन तो टाक दोन बोटांत धरी नि त्याच्याशी बोलू लागे. शेळीला करडू झालं, मास्तरांनी मला पुढे बसवलं, आत्याने मला गूळ दिला नाही. पारू बसून राही. तिची मान पुढे ओढली जाई, दोरा कातडीत रुते, तरी ती हलत नसे. बराच वेळ गेला की हळूच विचारी, "झालं का बोलून? मला चूल पेटवायचीय." मी तिच्याकडे वर बघत नसे. माझं बोलणं तिच्याशी नव्हतंच.

पण एका गोष्टीने मी हैराण होत असे. आईची जोडवी पारूच्या पायांत होती, आणि घरात फरशीचे दगड होते. मी मागच्या दारी खेळत असावं आणि आतून तो आवाज यावा – टक् टक्, मध्ये जरा थांबून पुन्हा टक् – माझी आई जशी चालायची अगदी तसा. मी धावत आत जाई, आणि आत पारू. असं पुन्हापुन्हा झालं. एकदा मी दारातच थबकून तिच्या पायांकडे बघत राहिले, रडूही येईना. पारूने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरात तो आवाज बंद झाला.

आत्याच्या ध्यानात ते दोन दिवसांनी आलं. "पारू, जोडव्यांस्नी चिंध्या कशापायी गुंडाळल्यात?"

"पोर दचकती वन्सं."

"सवाष्णीचा पाय वाजला पायजे. लोक काय म्हणतील?"

"घरातच गुंडाळती. भाईर जाताना काढीन की."

आत्या पुन्हा ताकाची रवी फिरवू लागली. आत्या वाईट बाई नव्हती. तिला सगळ्यांची भीती वाटे, मेलेल्यांची जरा जास्त.

पाणी चढल्यापासून आमच्या वस्तीवर हिवतापही चढला होता. पावसाळा सरला की घरोघर माणसं गोधड्यांखाली कुडकुडत. पारूला दिवस गेले होते. ताप आला आणि ते राहिलं नाही. पुढच्या साली पुन्हा तेच. त्यानंतर ती उठलीच नाही. दिवसाआड ताप भरे, तोंड पिवळं पडलं, डाव्या बरगडीखाली पोट टणक लागायला लागलं. बायका पाण्याला येता-जाता आमच्या दाराकडे बघत आणि आवाज खाली करून बोलत. मला ऐकू येई – सरू तिला नांदू देत नाही.

वरच्या धनगरवाड्यातून देवऋषी आला. उंच, शांत, डोळे अर्धे मिटलेला म्हातारा. कांबळ्याला धुराचा आणि मेंढरांचा वास. त्याने भंडारा फुंकला, बराच वेळ पारूकडे बघितलं आणि आबांना म्हणाला, "पयलीचा जीव डागांत गुतलाय. तिचं तिला देऊन टाका. जिथं जाळली तिथं, पान्यात." मग पानथरीवर, म्हणजे बरगडीखालच्या त्या टणक फुगवट्यावर, उपाय म्हणून त्याने विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल केलं. आमच्याकडे त्यालाही डाग देणंच म्हणत. आत्याने माझं तोंड आपल्या पोटात दाबून धरलं होतं, तरी मला तो चर्र आवाज आला, आणि वास आला. पारू ओरडली नाही. तिने फक्त एक लांब श्वास आत घेतला, आणि तो परत सोडायला तिला फार वेळ लागला.

मग डाग उतरवायला सुरुवात झाली. आत्याने आईच्या चोळीचा एक जुना खण पसरला. पारू भिंतीला टेकून बसली होती. तिच्याने हात उचलवत नव्हते, म्हणून आत्याच एकेक काढत होती. कुड्या, पुतळ्यांची माळ, तोडे – ते आता आपसूक गळून आले. जोडव्यांवरच्या चिंध्या सोडल्या, जोडवी काढली. कणगीतली नथ आणून ठेवली. मग आत्याचा हात गळ्याकडे गेला आणि पारूने टाक मुठीत धरला.

"त्यो न्हाई."

"खुळी का काय तू? त्योच तर मुद्द्याचा. त्यातच ती हाय."

"व्हय. हाय म्हनूनच न्हाई."

"पारू, तुझ्या जिवावर बेतलंय."

"बाकी समदं न्या, वन्सं. त्ये तुमचं हाय, त्येंचं हाय, तुमी काय बी करा. ह्यो डाग माझा न्हाई. पोरीचा हाय." ती थांबली, दम घेतला. "ती कुनासंगट बोलंल मग?"

देवऋषी उंबऱ्याशी बसला होता. तो रागावला नाही. मला वाटतं त्याला वाईटच वाटलं. "बाई, बाकीचं दिलं म्हनून तुझा जीव वाचंल, पर गळ्यातली गळ्यात ऱ्हायली तर कूस उजवायची न्हाई. मागनं मला बोल लावू नगंस."

पारूने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तापाचं पाणी होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "न्हाई उजवली तर न्हाई," ती म्हणाली.

आबा दारात उभे होते. त्यांनी खणाच्या चारी टोकांची गाठ मारली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिचं तिला."

रक्ताचं माणूस बरोबर असावं म्हणून मला होडीत घेतलं. सकाळची वेळ होती. पाण्यावरून धुकं नुकतंच उठत होतं आणि पलीकडच्या डोंगराची सावली निम्म्या पाण्यावर पडली होती. होडीत डांबराचा आणि मासळीचा वास. आबांनी डोंगराकडे, धरणाच्या भिंतीकडे, परत डोंगराकडे बघून जागा ठरवली – इथेच आंबा होता. वल्हं आत ओढून घेतलं. होडी आपोआप जराशी फिरली. मी काठावरून वाकून पाण्यात बघत होते. आईला बघायला. हिवाळ्यातलं पाणी हिरवं, नितळ. हातभर खोलीपर्यंत उजेड दिसत होता आणि खाली नुसता काळोख. तिथे कुणी नव्हतं. माझंच तोंड होतं आणि त्यामागे आभाळ.

आबांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी पाण्यावर धरली. "सरू," ते म्हणाले – आई गेल्यावर तिचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते तेवढंच – "तुझं व्हतं, तुला दिलं. आता पारूला सोड." त्यांचे हात बराच वेळ तसेच राहिले. मग खण ओला झाला, फुगला, आणि एक बुडबुडा काढून खाली गेला. आमच्या घरातली सगळी पुंजी होती ती. पण आबा रडले ते त्या पुंजीसाठी नव्हे, हे मला तेव्हाही कळलं. वल्हं हातात घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. वाऱ्याने होडी हळूहळू काठाकडे आणली.

पारू वाचली. आत्या म्हणे, डाग पाण्यात दिले म्हणून. आबा त्याच आठवड्यात भोरच्या दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या घेऊन आले होते आणि रोज समोर बसून तिला ती कडू पूड प्यायला लावत होते. ते काही बोलत नसत. पारूला कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात ती पुन्हा पाण्याला जाऊ लागली. पायांत बाजारातली कथलाची जोडवी होती. त्यांचा आवाज बोदा, निराळा, आणि त्यांना चिंध्या लागल्या नाहीत. मात्र देवऋषी म्हणाला ते खरं झालं. तिला मूल झालं नाही. नंतर गावात कुणाचं बारसं असलं की तिला बोलावणं येई, पण पाळण्याला हात लावू देत नसत. आणि ती मागच्या भिंतीशी बसून घुगऱ्या घेऊन घरी येई, मला देई.

मी मोठी होत गेले तशी टाकाशी बोलेनाशी झाले. कधी थांबले ते आठवत नाही. एखादा खेळ सुटावा तसं ते सुटलं. पारूने तो गळ्यातून काढला नाही.

भोंगवलीला माझं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि आत्या जाऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी पारू माझ्या सुजलेल्या पायांना तेल चोळत होती. बाहेर उन्हात आंब्याच्या फोडी वाळत होत्या. काय मनात आलं कोण जाणे, मी विचारलं, "आई, तवा तुला भ्या न्हाई वाटलं?"

कशाबद्दल विचारते आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिचे हात थांबले नाहीत. "वाटायचं की. लई वाटायचं. रातचं न्हाई, घरात मानसं असायची. दुपारचं वाटायचं. तू शाळंत, वन्सं शेतात. घरात ती आन मी, दोघीच."

"मग?"

"मग बोलायची तिच्यासंगं."

"काय बोलायचीस?"

"तुझंच. काय खाल्लंस, कुठं पडलीस, मास्तर काय म्हनलं." तिने माझा दुसरा पाय मांडीवर घेतला. "दुसरं काय व्हतं आमा दोघींत बोलन्यासारखं?"

मग, जरा वेळाने, तेलाची वाटी बाजूला सारत ती म्हणाली, "पोरं हवी व्हती मला, तानू. न्हाई असं न्हाई." आणि उठून फोडी आत घ्यायला गेली.

माझी मुलगी तिच्या हातांत जन्मली. तिला दोन वर्षांची होईपर्यंत पारूने पाहिलं. मग एका पावसाळ्यात तोच जुना ताप आला आणि या वेळी कोयनेल चाललं नाही. मी पोचले तेव्हा बायका तिला सजवत होत्या. कुणीतरी सवयीने म्हणालं, अंगावरचे डाग उतरवा. उतरवण्यासारखं होतं काय! कथलाची जोडवी, मंगळसूत्रातले मणी, आणि टाक. त्यावरचे डोळे झिजून गेले होते, नाकाची रेघ तेवढी हाताला लागत होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, राहू द्या तिच्या अंगावर. दोघी गेल्या मग. एकाच वाटेने, एकदमच.

आबांनी पुन्हा लग्न केलं नाही. म्हणून पारूच्या नावाचा टाक कुणी घडवला नाही. टाक मागून येणाऱ्या बाईने बांधायचा, आणि तिच्या मागून कुणी आलंच नाही. फोटो काढण्याची तेव्हा रीत नव्हती. परवा नातीने विचारलं, पणजी दिसायला कशी होती? मी आधी जन्म देणाऱ्या आईचा चेहरा आठवू लागले. दोन ठिपके आले, एक रेघ आली... त्यापलीकडे काही नाही. मी तिला चांदीत इतकं पाहिलं की खरी ती हरवूनच गेली. पारू मात्र समोर उभी राहिली, आहे तशी. सावळी, डाव्या भुवईत जखमेची खूण, हसताना तोंडावर पदर धरणारी, ऊन लागलं की एक डोळा बारीक करणारी. मी नातीला सांगत गेले आणि ती ऐकत गेली, पण तिच्या डोळ्यांपुढे काही उभं राहीना, ते मला दिसत होतं. पारूला पाहिल्याचं ज्यांना आठवतं त्यांतली आता मी एकटीच उरले आहे.